डोंगर जवळ दिसत होता

बोदलकसा, ९ मार्च

रीना वहिनी,

अंदमानातून येऊन मला बरेच दिवस झाले आणि तुला लिहायचं मी रोज पुढे ढकलतो आहे. परवा वही घेऊन बसलो तर भूपेंद्र मोटरपंप घेऊन आला, त्यात दुपार गेली. काल पेन चालत नव्हता. म्हणजे चालत होता, खोटं कायले बोलू.

फोनवर दोन मिनिटांत झालं असतं, पण तू माझा नंबर ब्लॉक केला. तुझ्या भावाला, चंद्रकुमारला लावला तर तो म्हणाला, "ताई म्हनते का दुर्गेश तोंडानं लय फेकते. त्याले म्हना कागदावर लिहून पाठव." बरं. नववीनंतर मी एवढं कधी लिहिलं नाही. चुका असतील, आणि मधेच भरकटलो तर समजून घे. मी कसा आहे ते तुला माहीत आहे.

तू निघालीस तो दिवस मला अख्खा आठवतो. पावसाळ्यात दादाची नाव तिकडे उलटल्याचा फोन आला. तिकडच्या लोकांनी शोधून शोधून सोडून दिलं. दिवाळी गेली, धान कापून झालं, आणि मग देवाधर्माचं पाहणारा केशोराव भुमका आपल्या अंगणात येऊन बसला. बाबांना म्हणाला, "कवडूभाऊ, पोरगा पान्यातच बसून हाय. आपल्या रीतीनं त्याले हाक मारून घरी आना, पुरख्यायमंदी मिळवा. अन् सुनेच्या बांगड्या उतरवा. असं लटकत ठेवू नये."

तू दोन्ही हात पदरात लपवले.

"ज्याले बोदलकस्याचा तलाव या काठावरून त्या काठावर पोहता येते, तो कायले बुडल?"

बाबा म्हणाले, "पोरी, दर्या हाय तो."

"तुमी पायला का दर्या?"

कोणीच पाहिला नव्हता. केशोरावानेही नाही. मग तू माझ्याकडे बोट केलं. "हा रिकामा फिरते नं गावोगाव? याले पाठवा. यानं डोळ्यानं पाहून यावं. तो नसल तर याच्याच हातानं घेऊन यावं. त्याबिगर मी बांगडी काढत नाही." आणि पिशवी उचलून गोरेगावला, माहेरी.

रिकामा म्हणालीस त्याचा राग आला नाही. खरंच आहे ते. हैदराबादकडे बोअरवेलच्या गाडीवर होतो तर गाडीवाल्याशी भांडलो. सडक अर्जुनीच्या धाब्यावर ट्रक धुवायचो, तिथे मला नुसत्या हॉर्नवरून ट्रक छत्तीसगडचा की पंजाबचा ते कळायला लागलं होतं. ती एक विद्या माझ्याकडे आहे, तिचा उपयोग काही नाही. दादा बरोबर उलटा. एक काम धरलं की धरलं. मजुरीला म्हणून ठेकेदारासोबत बेटावर गेला, काम संपलं, बाकीचे परत आले, तो मासेमारीच्या नावेवर लागला. तलावात जाळं टाकणारा माणूस, त्याला वाटलं पाणी ते पाणी.

आणि खरं सांगू, मला जायचंच होतं. दादासाठी नाही. समुद्र पाहायला. हे लिहिताना लाज वाटते, पण तू कागदावर मागितलं.

चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे जहाज. जहाज म्हणजे तिरोड्याचा बाजार उचलून पाण्यावर ठेवला असं समज. पहिल्या दिवशी सगळे रेलिंगला धरून फोटो काढत होते, दुसऱ्या दिवशी सगळे रेलिंगला धरून ओकत होते. एका बंगाली म्हातारीने मला लिंबू दिलं हुंगायला. तिचा नवरा ताश खेळताना पानं चोरायचा, आणि ती मला डोळ्याने खुणावायची की बघ आता चोरतो. मी तीन डाव पाहत बसलो.

ही म्हातारी, हे लिंबू, हे मी मुद्दाम लिहून राहिलो, वहिनी. याच्या पुढचं लिहायचं नाही म्हणून. आज इथेच थांबतो.

११ मार्च

चैतराम मला जेटीवर घ्यायला आला. दादासोबत नावेत होता तोच. मूळ छत्तीसगडचा, पण त्याचा बाप तिकडे गेलेला, हा तिथेच जन्मला. मला पाहून म्हणाला, "खेमराज का भाई? नाक से पहचान लिया." मग त्याने माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

बेटाच्या खालच्या टोकाला चिडिया टापू आहे. तिथून जंगलातली पायवाट मुंडा पहाडावर जाते. आपल्या नागझिऱ्याकडची वाट आठव, पण झाडं इतकी उंच की वर पाहताना मान दुखते. वाटेच्या सुरुवातीला मगरीची पाटी. लोक पाटीजवळ उभे राहून फोटो काढत होते. मीही काढला.

वर पोचलो आणि मला राग आला.

काऊन, तर ती जागा फार सुंदर आहे. डोंगर एका बाजूने तुटून सरळ समुद्रात उतरलेला. खाली पाणी हिरवं, पुढे निळं, आणि त्याच्या पुढे असा रंग की मला त्याचं नाव माहीत नाही. वाऱ्याने सगळं गवत एका अंगावर झोपवलेलं. मी गोंदियापासून विचार करत गेलो होतो की ती जागा काळी असेल, मसणवटीसारखी. ती तर कॅलेंडरवर छापायची जागा निघाली. दादाने मला तिथला फोटो पाठवला होता एकदा. खाली लिहिलं होतं, ये, दाखवतो. मी त्याला नुसता अंगठा पाठवला होता.

चैतराम गवतात बसला आणि खाली बोट केलं. "वो सफेद दिख रहा है, जहाँ पानी फट रहा है? वहीं."

तेवढ्यात एक नवं जोडपं आलं. पोरीचा चुडा अजून कोपरापर्यंत. "भैया, एक फोटो निकाल दोगे?" मी काढले. चांगले काढले, ते मला जमतं. ती दोघं उभी होती तिथे त्यांच्या मागे बरोबर ती पांढरी जागा येत होती. मी म्हटलं, थोडे बाजूला सरका, उजेड नीट येत नाही. उजेड नीटच येत होता.

ते गेल्यावर चैतराम बोलला. जसं बोलला तसं लिहितो.

लाट आडवी आली आणि नाव पालथी झाली. नावेत तिघं होते, तिघंही वर आले. उलट्या नावेचं बूड धरून राहिले. दादानेही धरलं होतं. मग त्याने मान वळवून डोंगराकडे पाहिलं.

"मैं बोला, छोड़ना मत. पकड़ के रह, बहने दे, कोई न कोई उठा लेगा. वो हँसने लगा. बोला, अरे, ये तो हमारे तालाब से भी नजदीक है."

आणि नाव सोडली.

तलावात आपण हेच करतो ना, वहिनी. डोंगा डुबला तर जवळचा काठ पाहायचा आणि सरळ त्याच्यावर जायचं. हे कोणी शिकवत नाही. बाप करतो, पोरगा पाहतो. पण तलावाचा काठ चिखलाचा असतो, हात लागला की झालं. तिथे काठ म्हणजे खडक. पाणी माणसाला उचलून त्याच्यावर आपटतं आणि मागे ओढतं, पुन्हा आपटतं. चैतरामने दादाला खडकापर्यंत गेलेलं पाहिलं. हात लागलेलाही पाहिला. मग तिथे सगळं पांढरं झालं, आणि पांढरं उतरलं तेव्हा खडकावर कोणी नव्हतं.

जे दोघं नावेला धरून राहिले त्यांना दुसऱ्या नावेने उचललं. त्यातल्या एकाला तर पोहताच येत नाही.

मी चैतरामला विचारलं, नक्की गेला का? कुठे दुसऱ्या बेटावर लागला असेल. तो म्हणाला, "बाबू, मैं रोज इधर आया. जब तक आ सकता था."

तर असं आहे. त्याला पोहता येत होतं, तू म्हणतेस ते बरोबर आहे. त्यानेच तो गेला.

हे एवढं लिहायला नको म्हणून मी इतके दिवस पंप दुरुस्त करत बसलो.

१४ मार्च

आता घेऊन आलो ते लिहितो. आणि ते कसं हरवलं तेही.

पाणी ओसरलं तेव्हा आम्ही डोंगराच्या दुसऱ्या अंगाने खाली खडकांत उतरलो. चैतरामने विचारलं, "करना क्या है?" मी सांगितलं, आमच्यात पाण्यात गेलेल्याचं नाव घेऊन पाण्याशी हाक मारतात. मग जे पहिलं जिवंत हाती येईल, मासोळी म्हण, किडा म्हण, तो त्याचा जीव. तो जिवंत घरी आणायचा, चुलीजवळ ठेवायचा, आणि मग पूर्वजांत मिळवायचा.

तो म्हणाला, "तो बुला."

मी बुलावलं. आजूबाजूला फिरायला आलेले लोक होते, म्हणून हळूच. चैतराम ओरडला, "ये तालाब नहीं है बाबू! गला फाड़!"

मग मी ओरडलो. खेमराजदादा, घरी चाल. माय वाट पाहून राहिली, घरी चाल. लोक वळून पाहायला लागले. एकाने मोबाईल वर केला होता, माझा व्हिडिओ कुठेतरी फिरत असेल. मी ओंजळ खडकाच्या खळग्यात घातली आणि बोटाएवढी, भुरकट, खडकावर चढणारी एक मासोळी टुणकन माझ्या हातात आली. मी पकडली नाही. तोंडाने मी फेकतो, पण हे कागदावर आहे. ती आली.

चैतराम म्हणाला, "ले, आ गया. रोज सुबह भी ऐसा ही था, दस बार चिल्लाओ तब उठता था." हसला आणि तिकडे तोंड करून नाक शिंकरलं.

त्याने मला रुंद तोंडाचा डबा दिला आणि दुसरी कॅन समुद्राच्या पाण्याने भरून दिली. म्हणाला, रोज थोडं जुनं काढ, थोडं हे घाल. "मीठा पानी एक बूंद नहीं. एक बूंद में इसका काम तमाम." जहाजावर चढताना पोलिसाने विचारलं, "डब्बे में क्या है?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बड़ा भाई." त्याने डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, आगे बढ़.

वहिनी, मी जन्मात एक गोष्ट नीट केली असेल तर ती हीच. जहाजावर डबा मांडीत धरून बसलो. कोणी पत्ते खेळत होतं, मी पाहिलं नाही. रेल्वेत एक बालाघाटची बाई मागेच लागली, पानी गंदा हो गया बेटा, बदल दे, स्टेशनवर नळ आहे. मी तिच्यावर इतका ओरडलो की पूर्ण डबा माझ्याकडे पाहायला लागला. बल्लारशा आलं ते दादाला सांगितलं. गोंदिया आलं ते सांगितलं. मासोळी तळाशी बसून तोंड उघडझाप करत होती, जिवंत.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. मायने डबा माझ्या हातातून घेतला, झाकण काढून पाहिलं, आणि पदराखाली धरला, लेकराला उन्हातून आणल्यासारखा. बाबा केशोरावाला आणायला धावले. आणि दारात भूपेंद्र. "अबे दुर्गेश, चाल लवकर! जेसीबी फसली तलावाच्या गाळात, अर्धी आत गेली, सारा गाव हाय तिथं!"

मी गेलो.

डबा मायच्या हातात गेला आणि मला वाटलं, पोचलो. एक वाक्य बोलायचं होतं. माय, गोडं पानी घालू नको. एवढंच. ते मी जेसीबी पाहून आल्यावर बोलणार होतो.

परत आलो तर डब्यातलं सगळं पाणी अंगणाच्या कोपऱ्यात ओतलेलं, आणि मासोळी देवाच्या पितळी गुंडीत, आपल्या विहिरीच्या थंडगार पाण्यात. माय गुंडीशी बसून बोलत होती. "किती दिवसाचा खारटात होता रे माझा लेकरू. तहान लागली असल." मासोळी गोल गोल पळत होती, उसळत होती. मायने मला जवळ बोलावलं. "पाय, कसा खुश झाला. नाचून राहिला."

मी पाहत उभा राहिलो. खारं पाणी मातीत जिरून गेलं होतं. कॅन रिकामी होती, शेवटचं पाणी मीच गाडीत घातलं होतं. मी काय करणार होतो, समुद्र कुठून आणणार होतो?

केशोराव आला तेव्हा ती उलटी तरंगत होती. त्याने गुंडीत बोट घालून पाहिलं. मग मायला बोलला, "दारापर्यंत जिवंत आला अन् चुलीपाशी येऊन जीव सोडला. त्याले यायचं नोयतं, वहिनीबाई. नाराज हाय." मी विचारलं, पुन्हा जाऊन हाक मारली तर? तो म्हणाला, आलेल्याला दुसऱ्यांदा हाक मारत नाहीत.

माय उठून खाटेवर जाऊन पडली. तुला माहीत नसेल, दादाशी फोनवर तिचं शेवटचं बोलणं काय झालं. पोळ्याला येतो म्हणून सांगून तो आला नव्हता, तर ती म्हणाली होती, आता नाही आला तर येऊच नको. मासोळी मेली त्या दिवसापासून ती तेच एक वाक्य धरून बसली आहे. मोहाची फुलं पडायला लागली, सगळ्या बाया पहाटे टोपल्या घेऊन जंगलात जातात, माय गेली नाही. जेवायला वाढलं तर दोन घास खाऊन हात धुते. आपल्या मायची, फुलवंताबाईची टोपली भिंतीला टांगलेली गावाने कधी पाहिली नव्हती.

मी खरं सांगितलं तर तिला कळेल की दादा नाराज नव्हता. पण मग हेही कळेल की पाणी कोणी घातलं. तिच्याच हाताने, तिच्याच मायेने. मी मायपाशी दहा वेळा जाऊन आलो आहे आणि दहाही वेळा काहीतरी दुसरंच बोललो आहे.

गावात आणखी एक गोष्ट निघाली आहे. भूपेंद्रने सुरू केली, त्याला काय. तो म्हणतो, जिवंत माणसाचा जीव मासोळीत कसा येईल, म्हणूनच ती मेली, म्हणजे खेमराज कुठेतरी आहेच. चहाच्या टपरीवर पोरं खुश होऊन ऐकतात. ती गोष्ट तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून लिहून राहिलो. ती खरी नाही. मासोळी पाण्याने मेली. दादा खडकावर गेला. चैतरामने पाहिलं.

बांगड्यांचं तू ठरव. मला फक्त एक सांग, मायला काय सांगू. तुझ्याशिवाय हे विचारायला माझ्याकडे कोणी नाही.

१६ मार्च

पाकीट आणलं आहे. उद्या तिरोड्याला जाऊन टाकतो, असं लिहिणार होतो.

पण आता अंगणात मोटरसायकल थांबली. मला वाटलं भूपेंद्र. खिडकीतून पाहिलं तर चंद्रकुमार, आणि मागे मोठी बॅग घेऊन तू.

तू येशील असं वाटलं नव्हतं. आणि अशी तर नाहीच. हिरवी साडी, दोन्ही हात भरून नव्या बांगड्या, कपाळाला मोठी टिकली. गाडी पुरती थांबायच्या आधी तू उतरलीस.

"माय! ओ माय! म्हनत नोयते का मी? भरल्या बाजारात सारे बोलून राहिले. तो हाय! जिवंत हाय, म्हून तर मासोळीत आला नाही!"

माय खाटेवरून उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिला अशी उठताना पाहिली. "काय म्हनते?" म्हणाली. "नाराज नाही?"

"कायचा नाराज! येतेच तो. मी आली आता, इथंच राहीन, इथंच वाट पाहीन."

माय चुलीकडे गेली. काड्या मोडल्याचा आवाज येऊन राहिला. बाबा दारात उभे आहेत, त्यांना हसावं की काय ते कळत नाही.

हे पत्र माझ्या मांडीवर आहे. वाचणारी अंगणात आहे. तुला इतकी हसताना मी वर्षभरात पाहिली नाही. नाव सोडताना दादाही हसला होता म्हणे.

तू हाक मारून राहिलीस. "दुर्गेश! अबे रिकाम्या, कुठं लपला? बॅग धर ये."

येतो.